कोडे रचणाऱ्याच्या बाजूने

वर्तमानपत्रातल्या सुडोकूखाली बारीक टायपात नियमांच्या दोन ओळी असतात. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या प्रत्येक चौकोनात १ ते ९ हे अंक एकेकदाच यायला हवेत. सुडोकूच्या नादी लागलेला माणूस या ओळी आयुष्यात एकदा वाचतो, पुन्हा त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. गोरेगाव पश्चिमेच्या ज्या वाचनालयात मी सकाळी पेपर चाळायला जातो, तिथे दहा वाजायच्या आत कुणीतरी ते पान भरून ठेवलेले असते, तेही पेनाने. खोडाखोड नसली की बाकीचे वाचक मान डोलावतात. भरणाऱ्याचे कौतुक सगळ्यांना असते. ती जाळी कुणी रचली, हे मात्र तिथे कुणी विचारल्याचे मी ऐकलेले नाही.

मला रचणाऱ्याची बाजू घ्यायची आहे. सुडोकू आणि त्याच्या गोतावळ्यातल्या कोड्यांत माणसाने खरोखर घडवलेली वस्तू एकच, ती म्हणजे नियम. अंक त्यांच्या मागून फरपटत येतात. या खेळाच्या मुळाशी असलेल्या गणितात मोलाची भर घालणारी आणि नियम करण्याचा छंद आयुष्यभर जपणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली. तरीही आपण सोडवणाऱ्यांचा समाज झालो आहोत. तयार कोडे हातात पडले की तुटून पडायचे, एवढेच आपल्याला येते.

नियमाची ताकद मोजता येते, म्हणून आधी थोडी मोजदाद. चार बाय चारची लहान जाळी घ्या आणि सोळा घरांत १ ते ४ हे अंक हवे तसे भरा. अशा मांडण्या ४२९ कोटींच्या वर निघतात. आता एक अट घाला: आडव्या-उभ्या कोणत्याही ओळीत अंक पुन्हा येता कामा नये. उरतात फक्त ५७६. त्यावर दोन बाय दोनच्या चार चौकोनांची अट आणली की बरोबर निम्म्या, २८८. नऊ बाय नऊच्या जाळीत हाच चौकोनाचा नियम फार कठोर होतो. बर्ट्राम फेल्गेनहाउअर आणि फ्रेझर जार्विस यांनी २००५ मध्ये भरलेल्या सुडोकूंची संख्या काढली, ती बावीस अंकी आहे: ६६७०९०३७५२०२१०७२९३६९६०. आकडा अगडबंब वाटतो. पण नुसत्या आडव्या-उभ्या ओळींचा नियम पाळणाऱ्या मांडण्यांशी ताडून पाहिले, तर चौकोनाच्या नियमातून दर सव्वाआठ लाखांत जेमतेम एक पार होते. छापील दोन ओळींत चौकोनाबद्दलचे ते पाच शब्द एवढी चाळण करतात.

चौकोनाचा नियम काढून घेतला की जे उरते त्याला लॅटिन चौरस म्हणतात, आणि इथे गोष्ट मुंबईत येऊन पोचते. पत्त्यांच्या कॅटमधून एक्का, राजा, राणी, गुलाम अशी बदाम, चौकट, किलवर, इस्पिकची सोळा पाने काढा. ती चार बाय चारमध्ये अशी लावा की कोणत्याही ओळीत ना चित्र पुन्हा यावे, ना रंग. थोडा वेळ झटापट केली की जमते. म्हणजे इथे दोन लॅटिन चौरस एकावर एक बसले आहेत, आणि चित्र-रंगाची प्रत्येक जोडी एकदाच आली आहे. लिओनार्ड ऑयलरने १७८२च्या निबंधात हाच प्रश्न सहा पलटणींतल्या सहा हुद्द्यांच्या छत्तीस अधिकाऱ्यांबद्दल विचारला. त्याला ते जमेना. दोनच्या जाळीत तर ते जमत नाही हे उघडच दिसते. या दोहोंवरून त्याने तर्क केला की १०, १४, १८ अशा, चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या कोणत्याच आकाराला ते जमणार नाही. सहापुरता तो बरोबर निघाला. गास्ताँ तारी या फ्रेंच गृहस्थाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर एकेक शक्यता तपासून ते दाखवले. पुढचे सगळे ऑयलरच्या शब्दावर चालले होते. ऑयलर म्हणाला म्हणजे तसेच असणार, अशी सर्वांची समजूत.

ती १९५९ साली मोडली. मोडणारे तिघे: राजचंद्र बोस, शरच्चंद्र शंकर श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर. श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागरचा, शिक्षण नागपूरचे. डॉक्टरेट अमेरिकेत चॅपल हिलला बोस यांच्याकडे. बोस आणि श्रीखंडे यांनी प्रथम २२ या आकाराची जोडी बांधून दाखवली, पार्करने १०ची, आणि मग तिघांनी मिळून सिद्ध केले की सहाच्या पुढे ऑयलरचा तर्क प्रत्येक ठिकाणी खोटा आहे. २६ एप्रिल १९५९च्या न्यू यॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी होती. गणिताच्या वाट्याला असे पान क्वचित येते. १९६३ मध्ये श्रीखंडे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख म्हणून आले आणि १९७८ पर्यंत राहिले. २१ एप्रिल २०२० रोजी, वयाच्या एकशे तिसऱ्या वर्षी ते वारले. टाळेबंदीचे दिवस होते. घरात अडकलेली निम्मी मुंबई फोनवर सुडोकू सोडवत बसली होती, आणि त्या खेळाच्या पायाभूत गणिताचा एक शिल्पकार गेल्याची बातमी आतल्या पानांत कुठेतरी विरून गेली.

या हकिगतीतला एक तपशील माझ्या म्हणण्याला धरून आहे. दहाच्या जोडीचा शोध घ्यायला कॅलिफोर्नियातल्या स्वॅक नावाच्या संगणकाला त्याआधीच जुंपून पाहिले होते. त्याच्या हाती काही लागले नाही, कारण तो एकेक शक्यता भरून बघत होता. बोस-श्रीखंडे-पार्कर यांनी भरत बसण्याऐवजी मांडणीची रचना कशी असेल याचे नियम शोधले, आणि जाळी त्या नियमांतून आपोआप उभी राहिली. सोडवणारा आणि रचणारा यांच्या दृष्टीतला फरक याहून स्वच्छ कुठे दिसणार?

आता ही मांडणी शेतात न्या. लॅटिन चौरसाचा उपयोग इंग्लंडात संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने पिकांच्या प्रयोगांसाठी केला, कारण जमीन कधीच सारखी नसते. समजा ज्वारीची नऊ वाणे तोलून पाहायची आहेत. बांधाकडे ओल जास्त, मध्ये मुरमाड, एका कोपऱ्यात जुन्या उकिरड्याची कसदार माती. एखादे वाण नेमके उकिरड्यावर पडले तर त्याचे उत्पन्न वाढणार आणि श्रेय मिळणार बियाण्याला. म्हणून प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या आणि उभ्या पट्टीत एकेकदा पेरायचे. जर्मन संख्याशास्त्रज्ञ बेहरेन्स याने १९५६ मध्ये त्यात आणखी एक अट घातली: शेताचे नऊ तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यातही प्रत्येक वाण एकदाच येऊ द्या. ही अट वाचून आपल्याला सुडोकू आठवतो, पण वर्तमानपत्री सुडोकू तेव्हा जन्मालाही आला नव्हता. वाटणी न्याय्य व्हावी, कुणाला नुसती मलई मिळू नये, या हिशेबातून तो चौकोन आला. भाऊबंदकीत सातबाऱ्यावर डोके फोडणाऱ्या आपल्या लोकांना हा नियम समजावून सांगायला फार वेळ लागू नये.

कोडे म्हणून ही जाळी छापून आली मे १९७९ मध्ये, डेल या अमेरिकन प्रकाशनाच्या मासिकात, ‘नंबर प्लेस’ या नावाने. रचणारा हॉवर्ड गार्न्स इंडियानाचा वास्तुविशारद, वय ७४. मासिकाने त्याचे नाव कोड्यावर छापले नाही, आणि १९८९ मध्ये तो वारला तेव्हा आपण काय करून ठेवले आहे याची त्याला कल्पनाही नव्हती. १९८४ मध्ये तोक्योच्या निकोली या प्रकाशनसंस्थेने ते उचलले, नाव दिले आणि थोड्याच वर्षांत दोन अटी वाढवल्या: दिलेले अंक बत्तीसहून जास्त नकोत आणि त्यांची जागा जाळीत समतोल दिसायला हवी. या अटींचा उत्तराशी काडीचा संबंध नाही. त्या रचणाऱ्याने स्वतःवर घालून घेतल्या आहेत. वृत्तात लिहिणारा कवी घालून घेतो तशा. निकोलीची कोडी हाताने रचली जात.

मग आला वेन गोल्ड, हाँगकाँगमधून निवृत्त झालेला न्यूझीलंडचा न्यायाधीश. १९९७ मध्ये तोक्योच्या एका दुकानात त्याला हे कोडे दिसले, आणि पुढची सहा वर्षे खपून त्याने सुडोकू तयार करणारा संगणकी कार्यक्रम लिहिला. १२ नोव्हेंबर २००४ला लंडनच्या टाइम्समध्ये त्याचे पहिले कोडे आले. वर्तमानपत्रांना तो कोडी फुकट देत असे. बदल्यात आपल्या संकेतस्थळाचा पत्ता छापून घेई. वर्षभरात जगभरच्या पेपरांत हे खूळ पसरले आणि मराठी पेपरही त्याला अपवाद राहिले नाहीत. तेव्हापासून आपण जे सोडवत आलो ते बहुतेक यंत्राने पाडलेले कोडे आहे. सोपे, मध्यम, कठीण असे शिक्के मारलेले, आणि कालचे व आजचे शेजारी ठेवले तर वेगळे ओळखू न येणारे.

यंत्राला मी सरसकट वाईट म्हणत नाही. कोड्याला एकच उत्तर आहे की नाही हे तपासण्यात माणूस चुकेल, यंत्र चुकत नाही. सुडोकूत निदान किती अंक द्यावे लागतात या प्रश्नाचे उत्तरही यंत्रानेच दिले: डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर यांच्या चमूने २०१२च्या आरंभी दाखवले की १७ लागतात, १६ देऊन एकच उत्तर कधीच उरत नाही. त्यासाठी संगणकांचे लक्षावधी तास खर्ची पडले. नेमके १७च का, याचे चार ओळींत सांगता येईल असे कारण अजून पुढे आलेले नाही. यंत्राला उत्तराची हमी देता येते. पण पहिली फट कुठे दिसावी, मध्येच सगळे अडल्यासारखे का वाटावे, आणि मग एका कोपऱ्यातून धागा कसा सुटावा, ही वाट आखायला समोर सोडवणारा माणूस डोळ्यांपुढे आणणारा दुसरा माणूस लागतो.

सुडोकूवर टीका करणाऱ्यांचा एक आक्षेप मला मान्य आहे: काही महिने नेटाने सोडवले की सगळी तंत्रे कळतात आणि पुढे नुसती हमाली उरते. यावर प्रकाशकांचा उपाय आकार वाढवण्याचा. सोळा बाय सोळाची जाळी, नाहीतर एकमेकींत अडकलेल्या पाच जाळ्यांची ‘समुराई’. रविवारची दुपार घालवायला ठीक आहे. पण त्यात विचार नवा नाही, फक्त घरे जास्त. कर्णांवरही १ ते ९ हवेत हा प्रकार जरा बरा. वाकड्यातिकड्या तुकड्यांचा त्याहून बरा, कारण त्यात ओळ आणि तुकडा यांची हद्द कुठे जुळते-चुकते यावरून काहीतरी शोधता येते. चांगला प्रकार ओळखायची माझी कसोटी एकच आहे. नियमात लिहिलेले नाही असे काही त्यातून निघते का?

उदाहरण देतो. जाळीवर एक वाकडी रेघ काढलेली आहे आणि नियम म्हणतो की रेघेवर शेजारी येणाऱ्या दोन अंकांत निदान पाचाचे अंतर हवे. एवढेच. आता ५ या अंकाला शेजारी कोण चालेल? ० किंवा १०. दोन्ही जाळीत नाहीत. म्हणजे रेघेवर ५ कुठेच येणार नाही, आणि नियमात त्याचा उल्लेखही नाही. पुढे, ४च्या शेजारी फक्त ९ चालतो आणि ६च्या शेजारी फक्त १. रेघेवर अंक लहान-मोठे-लहान-मोठे असे आळीपाळीनेच जाणार. अजून एकही अंक भरलेला नाही आणि निम्मी रेघ बोलायला लागली. आकार दुप्पट करून असे काही मिळत नाही.

‘मला गणित जमत नाही, म्हणून सुडोकू नको’ असे म्हणणारे भेटतात. साध्या सुडोकूपुरते त्यांना निःशंक सांगावे की इथे गणित नाही. अंकांऐवजी क ते झ अशी नऊ अक्षरे लिहिली तरी कोडे तेच राहते. म्हणूनच दिलेल्या अंकांत नऊपैकी निदान आठ वेगवेगळे अंक असावेच लागतात: दोन अंक मुळीच दिले नसतील, तर उत्तरात त्यांची अदलाबदल केली की दुसरे उत्तर तयार! साध्या सुडोकूत अंक म्हणजे निव्वळ नावे. प्रकार मात्र त्यांना किंमत देतात. किलर सुडोकूत सुरुवातीला बहुधा एकही अंक नसतो. तुटक रेषांनी घरांचे गट पाडलेले असतात आणि प्रत्येक गटाची बेरीज दिलेली असते. दोन घरांची बेरीज १७ म्हणजे ८ आणि ९. तीन घरांची २४ म्हणजे ७, ८, ९. आणि सगळ्यांत कामाची गोष्ट, १ ते ९ची बेरीज ४५. एका चौकोनाला झाकणाऱ्या गटांची बेरीज ५२ आली आणि गटांचे एकच घर चौकोनाबाहेर डोकावत असले, तर त्या घरात ७. वाण्याच्या दुकानात गल्ल्यामागे पंधराचे यंत्र, म्हणजे प्रत्येक ओळीची बेरीज पंधरा येणारा चौरस, पाहिलेल्याला ही बेरजेची जाळी अनोळखी वाटायला नको. आपल्याकडे तिची परंपरा जुनी आहे. नारायण पंडिताने १३५६च्या ‘गणितकौमुदी’त भद्रगणित या नावाने अशा चौरसांना स्वतंत्र प्रकरणच दिले आणि सगळ्या तिरप्या ओळीही जुळणारे चार बाय चारचे चौरस ३८४ आहेत असे अचूक सांगितले. त्यांतल्याच जातीचा एक, बेरीज ३४ येणारा, खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात दगडावर कोरलेला आहे.

नियम वाढवला की खेळणाऱ्याची कोंडी होते, असे वरवर वाटते. प्रत्यक्षात नियम म्हणजे माहिती. मे २०२० मध्ये मिचेल ली याने रचलेले एक कोडे ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या यूट्यूब वाहिनीवर सायमन अँथनी यांनी सोडवले. जाळीत अंक होते दोन, १ आणि २. बाकी सगळे काम तीन जादा नियमांचे: बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीवर तोच अंक नको, राजाच्या चालीवर तोच अंक नको, आणि शेजारच्या घरांत लागोपाठचे अंक नकोत. सुरुवातीला अँथनी यांना ही थट्टाच वाटली. पंचवीसएक मिनिटांत जाळी भरली, आणि त्यांचा चेहरा उजळत जाताना लाखो लोकांनी पाहिला. सतराची हद्द दोनवर आली ती नियमांच्या जोरावर. तिन्ही नियम एका वाक्यात सांगता येतात. ते एकत्र आणावेत हे सुचायला मात्र माणूस लागला.

आता एक भांडण, ज्यात मी मध्ये पडणार आहे. समजा सोडवताना चार घरे अशी उरली की ती दोन आडव्या ओळींत, दोन उभ्या ओळींत आणि दोनच चौकोनांत आहेत, आणि चारही ठिकाणी फक्त २ किंवा ७ शक्य आहे. तसे खरेच असते तर २ आणि ७ उलटसुलट केले तरी चालले असते, म्हणजे कोड्याला दोन उत्तरे. कोड्याला उत्तर एकच असते. तेव्हा चारांपैकी कुठेतरी तिसरा अंक असलाच पाहिजे. हे तंत्र सर्रास वापरले जाते. कर्मठ मंडळी म्हणतात, ही लबाडी आहे: उत्तर एकच आहे हे सिद्ध करणे हाच तर सोडवण्याचा अर्थ, तेच गृहीत कसे धरता? दुसरी बाजू म्हणते, एकच उत्तर ही छापलेली नसली तरी मान्य असलेली अट आहे, मग वापरायला हरकत काय?

मी दुसऱ्या बाजूचा, पण एका शर्तीवर. हे तंत्र वापरणाऱ्याने मान्य करावे की त्याने रचणाऱ्याचा शब्द वापरला. उत्तर त्याला मिळाले, पण ते एकच आहे हे त्याने दाखवले नाही. कोड्यात दोन माणसे असतात आणि त्यांच्यात काही ठरलेले असते, हे एरवी विसरले जाते. या भांडणात ते उघडे पडते. अंदाज घेण्याबद्दलही तेच. एखाद्या घरात ४ धरून पुढे जायचे आणि फसले की मागे यायचे, याला अंदाजपंचे दाहोदरसे म्हणून हिणवतात. तर्कशास्त्राच्या दृष्टीने त्यात चूक नाही. विसंगतीवरून सिद्धता युक्लिडपासून चालत आली आहे. फरक एवढाच की दोन पावलांवरची विसंगती डोळ्यांना दिसते आणि वीस पावलांवरची फक्त कागदाला. जे कोडे वीस पावले चालल्याशिवाय सुटतच नाही, तिथे दोष सोडवणाऱ्याकडे जात नाही. रचणाऱ्याने वाट आखली नाही, असा त्याचा अर्थ.

सुडोकूने स्मरणशक्ती टिकते, विसरभोळेपणा लांबतो वगैरे जे सांगितले जाते त्यावर मी शब्द खर्चणार नाही. सुडोकू सोडवल्याने माणूस सुडोकूत तरबेज होतो, इतके मला पुरते. आनंदाच्या गोष्टीला औषध म्हणून विकण्याची आपल्याला फार हौस.

रचणाऱ्यांची कमतरता मात्र मला टोचते. एप्रिल २००८ मध्ये तिसरी जागतिक सुडोकू स्पर्धा गोव्यात झाली. जिंकला अमेरिकेचा थॉमस स्नायडर, जो स्वतः कोडी रचतो आणि हाताने रचलेल्या कोड्यांचाच पुरस्कार करतो. या स्पर्धांत साध्या सुडोकूबरोबर नाना प्रकार असतात, आणि नवे नियम झटकन समजून घेऊन कामाला लागणाराच टिकतो. आपल्या मुलांना आपण काय शिकवतो? शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीत ‘गटात न बसणारे पद ओळखा’, ‘मालिका पूर्ण करा’; चार पर्याय, एक गोल काळा करायचा, पुढचा प्रश्न. मालिका तयार करा, असा प्रश्न तिथे नसतो. मूल मालिका करू लागले की त्याला पहिल्याच दिवशी कळते की २, ४, ८च्या पुढे १६च येते असे नाही. तसा नियम कुणीतरी ठरवलेला असतो आणि दुसरा कुणी १४ही आणू शकतो. चाचणीच्या उत्तरतालिकेला हे ज्ञान गैरसोयीचे आहे खरे.

आणि हे त्या प्रांतात, जिथे दत्तात्रय रामचंद्र काप्रेकर होऊन गेले. जन्म १९०५, डहाणूचा. गार्न्सही त्याच वर्षीचा. काप्रेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांचा सगळा उद्योग नियम करण्याचा. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करा. जे येईल त्याचे पुन्हा तेच करा. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही करा, ६१७४च. कुठूनही निघालात तरी सात पायऱ्यांच्या आत तिथेच पोचता. दुसरा नियम: संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३चे २८ होतात. मग कोणत्या संख्या अशा कशातूनच निघत नाहीत? २० निघत नाही, ३१ निघत नाही. त्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले, आणि देवळाली संख्या असेही नाव दिले. १, १२१, १२३२१ यांसारख्या संख्या तेव्हा डेम्लो म्हटल्या जाणाऱ्या डोंबिवली स्थानकावर सुचल्या म्हणून त्या डेम्लो. विद्यापीठांतल्या अनेकांनी या मास्तरांना हौशी म्हणून बाजूला ठेवले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिले तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर झाले. काप्रेकरांच्या नियमांना उपयोग नव्हता, हे खरेच. त्यांच्यात आश्चर्य होते. चौथीतल्या मुलाला कळेल इतका साधा नियम आणि कुणालाही आधी न दिसलेला परिणाम, यांच्यामधले अंतर त्यांना अचूक हेरता येई.

डोंबिवलीच्या नावाने संख्या होतात, तर पश्चिम रेल्वेच्या नावाने एक नियम व्हायला काय हरकत आहे? संध्याकाळची चर्चगेट-गोरेगाव स्लो घ्या. गर्दी चढत जाते, कुठेतरी कळसाला पोचते आणि मग उतरत जाते. जाळीवर नऊ घरांची रेघ ओढा आणि नियम लिहा: रेघेवर अंक एका घरापर्यंत चढत जातील, तिथून शेवटपर्यंत उतरतील. लिहिल्याबरोबर पहिली खोच निघते. कळस अगदी टोकाच्या घरात चालेल का? चालेल म्हटले तर नुसती चढण किंवा नुसती उतरणही नियमात बसते. मी म्हणेन नको, गाडी भरायला दादर तरी यायला हवे. मग ९ टोकाला येणार नाही. १ मध्ये येणार नाही, कारण मधल्या घराला एका बाजूला तरी लहान शेजारी लागतो. अगदी मधल्या, पाचव्या घरात ५हून लहान अंक शक्य नाही. आणि तिथे नेमका ५ पडला, तर एका बाजूची चारही घरे १, २, ३, ४नी भरलीच म्हणून समजा. कोणताही अंक रेघेवर दोनदाच येऊ शकतो, एकदा चढताना आणि एकदा उतरताना. कळसाचा तर एकदाच.

रेघ एका आडव्या ओळीत सरळ नेली, तर नऊ अंकांच्या ३,६२,८८० मांडण्यांपैकी २५४ उरतात. आता जाळीच्या चारही कडांवर अशा चार रेघा ओढू. वरच्या कडेचा १ तिच्या एका टोकाला, म्हणजे कोपऱ्यात. तो डावीकडे असेल तर डाव्या कडेचाही १ तोच झाला, आणि खालच्या कडेला आपला १ डाव्या कोपऱ्यात ठेवता येत नाही. तिला तो उजवीकडेच न्यावा लागतो. म्हणजे एकही अंक न देता समोरासमोरचे दोन कोपरे १चे झाले. कोणते दोन, हे ठरवायला एक अंक द्यावा लागेल. तो मी वरच्या डाव्या कोपऱ्यात देतो. मग २ला प्रत्येक कडेवर दोनच जागा उरतात, १च्या शेजारचे घर किंवा समोरचा कोपरा. आणि कोपऱ्यात गेला तर तो दोन कडांचे काम एकदम करतो. आतल्या एकोणपन्नास घरांना अजून हात लावलेला नाही.